नस दुखावल्यानंतरची कळ आणि मी केलेले उपाय
मनगटाला काच लागून अल्नर नस (हातातून करंगळीकडे जाणारा मज्जातंतू) दुखावली. जखम भरली, तरी करंगळीत आणि शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागात विजेच्या झटक्यासारखी कळ अधूनमधून उसळत राहिली. अशा वेदनेवर पॅरासिटामॉलचा सहसा फारसा उपयोग होत नाही, म्हणून डॉक्टरांनी प्रीगाबालिन हे मज्जातंतूच्या वेदनेवरचे औषध सुरू केले आणि ते परस्पर एकदम बंद करू नये, असे बजावले. मला खरा फरक जाणवला तो फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या, काहीशा कंटाळवाण्या सरावाने: आधी रेशीम, मग सुती पंचा, शेवटी खरखरीत टॉवेल त्या त्वचेवर हलकेच फिरवायचा, आणि कळ नसतानाही त्यात खंड पडू द्यायचा नाही. कळ उसळली की मी थंड पाणी टाळतो, हात उबदार ठेवतो आणि काम पूर्ण थांबवण्याऐवजी निम्म्यावर आणतो; पकड ढिली वाटली, तर मात्र डॉक्टरांनाच दाखवतो.