घराचा लिलाव थांबवायचाय? मग आधी कागद बँकेपर्यंत नीट पोचवा

सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जासाठी तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला देणारा कायदा) बँकेने ताबा नोटीस चिकटवली की लोकं धावत सिव्हिल कोर्टात जातात, तिथे काही उपयोग नाही, कलम 34 मुळे तो दरवाजा जवळपास बंदच. जायचं डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, कलम 17 खाली, तेही 45 दिवसांत.

पण नुसता अर्ज टाकला म्हणजे स्टे मिळाला असं नसतं हो, स्टे, म्हणजे तात्पुरती स्थगिती, वेगळा मागावा लागतो. आणि उभं राहिल्यावर पहिला प्रश्न हमखास हाच, समोरच्याला कॉपी दिली का? म्हणून अर्ज, स्टेचा अर्ज, सगळी जोडपत्रं, असा पूर्ण सेट बँकेला आणि नोटिशीवर सही केलेल्या ऑथराइज्ड ऑफिसरला (बँकेने या कारवाईसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) पाठवा, फक्त ब्रांचच्या काउंटरवर ठेवून येऊ नका, तिथला माणूस उद्या ओळख पण देणार नाही. हाती दिलात तर शिक्का, तारीख, सही घ्याच. नाहीतर स्पीड पोस्ट, पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट जपून ठेवा, सोबत ईमेल पण टाका. हे सगळं सर्व्हिसच्या अ‍ॅफिडेव्हिटला, म्हणजे समोरच्याला कॉपी पोचवल्याच्या प्रतिज्ञापत्राला, जोडायचं.

बँकेने कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा आगाऊ अर्ज) टाकलीय का ते आधी बघा, असेल तर त्यांना कॉपी द्यावीच लागते. लिलाव झाला असेल तर घेणाऱ्यालाही पार्टी करा.