गावाकडून नागपूरच्या पबात जाताना

तालुक्याच्या परमिट रूममध्ये काय करायचं ते कोणाला सांगावं लागत नाही. क्वार्टर सांगायची, मसाला शेंगदाणे मागवायचे, पैसे देऊन निघायचं. नागपुरात धरमपेठेत किंवा वर्धा रोडवर जे अर्धं बार, अर्धं रेस्टॉरंट असतं, तिथे मात्र एका छपराखाली दोन धंदे चालतात. दारूची ऑर्डर बार काउंटरवर जाते, जेवणाची किचनमध्ये. कर वेगवेगळे, बंद व्हायच्या वेळाही वेगवेगळ्या. पहिल्यांदा जाणाऱ्याची फजिती बहुतेक यातूनच होते.

शक्यतो सोमवार ते गुरुवार जा. शनिवारी रात्री बऱ्याच पबात नुसत्या पोरांच्या टोळक्याला आत घेत नाहीत, याला ते 'स्टॅग एन्ट्री बंद' म्हणतात. घेतलंच तर कव्हर चार्ज, म्हणजे आत जायचे पैसे, लावतात. कव्हर घेत असतील तर दारातच विचारा: यातले किती पैसे खाण्यापिण्यात वळते होणार? काही जागी पूर्ण रक्कम वळते, काही जागी नुसती एन्ट्री. निघण्याआधी एक फोन केला की हे सगळं कळतं, टेबलही ठेवतात.

पायात बूट हवेत. चप्पल आणि हाफ पँटवरून दारातून परत पाठवतात. उन्हाचा दुपट्टा घडी करून बॅगेत टाका. तंबाखू-सुपारीचा खर्रा आत चालत नाही. झडतीत पुडी निघाली तर तिथेच टाकायला लावतात, आणि बेसिनमध्ये थुंकताना दिसलात तर पुढची खातिरदारी विसरा. आधार कार्ड जवळ असू द्या. महाराष्ट्रात वाइन आणि माइल्ड बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, व्हिस्की-रमसाठी २५. प्यायला परवानाही लागतो, विदेशी दारूचा एका दिवसाचा ५ रुपयांना मिळतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे. निवडणुकीत मतदान संपायच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही बंद.

आत गेल्यावर वेटर नेईल तिथे बसू नका. उंच स्टुलांचा भाग बारचा. तिथे स्पीकर जवळ असतो आणि ताटभर जेवण त्या टेबलावर मावतही नाही. चार जणांना बोलायचं आणि जेवायचं असेल तर 'भाऊ, रेस्टॉरंट साइडला टेबल द्या' एवढं सरळ सांगा. कुठे कुठे दोन भागांचे रेट कार्डही वेगळे असतात, म्हणून कार्ड बसायच्या आधी बघा.

कळमन्याच्या बाजारात माल विकून, दिवसभर उन्हात फिरून आला असाल तर पहिल्यांदा अर्धा लिटर पाणी. मे महिन्यात तहान म्हणून गटागटा घेतलेली बिअर तहान भागवत नाही, लघवीवाटे आणखी पाणी काढते, आणि उपाशी पोटी भरकन चढते. म्हणून पहिली ऑर्डर किचनची द्या: तंदूरमधलं काही, किंवा चिली चिकन, पनीर टिक्का. यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतातच. दुसरं कारण असं की किचन बारच्या आधी बंद होतं. 'आधी बसू, मग जेवू' म्हणणाऱ्याला शेवटी फिंगर चिप्सवर भागवावं लागतं. किचनची लास्ट ऑर्डर किती वाजता, हे बसल्या बसल्या विचारून ठेवा. टेबलावर न मागता आलेली काकडी-गाजराची प्लेट फुकट की पैशाची, तेही. मेन्यूत सावजी दिसलं तरी ते इथे मागवू नका. लाल रंगाची साधी ग्रेव्ही येण्याचीच शक्यता जास्त. सावजी खायचं तर सावजी भोजनालय गाठावं.

आता मापं. छोटा पेग ३० मिली, मोठा ६०. गावात क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे तीन मोठे पेग. पबात ती बाटली सहसा मिळतच नाही, पेगनेच घ्यावं लागतं, आणि तेवढीच दारू कितीतरी महाग पडते. पेग टेबलावर मापाने ओतायला सांगा आणि बर्फ वेगळा मागवा. बर्फाने गच्च भरलेल्या ग्लासात ३० काय नि ६० काय, सारखेच दिसतात. सोडा, पाण्याची बाटली, कोल्ड ड्रिंक प्रत्येक वेळी बिलात चढतं. चार जणांनी चार कॅन फोडण्यापेक्षा सोड्याची एक मोठी बाटली घ्या.

बिअरच्या बाबतीत हिशेब चुकतो तो असा. ६५० मिलीच्या स्ट्राँग बाटलीत ८ टक्के धरले तर ५२ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या मोठ्या पेगात साधारण २६ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर दोन मोठे पेग. 'मी तर नुसती बिअर घेतली' या बोलण्यात काही दम नाही. पबातच बनवलेली ताजी बिअर, विशेषतः गव्हाची, बहुधा ५ टक्क्यांच्या आसपास असते. गढूळ दिसते ती खराब म्हणून नव्हे, गाळलेली नसते म्हणून. स्ट्राँगची सवय असलेल्याला ती पाणचट लागेल, पण जेवणासोबत तीच बरी. 'एकावर एक' असेल तर दोन्ही ग्लास एकदम आणतात का ते विचारा. दुसरा तोवर कोमट होतो.

बिल एकच असो की दोन, नीट वाचा. समजा जेवण ९०० रुपये आणि दारू १,२०० रुपये. जेवणावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४५ रुपये. बिलात तो सीजीएसटी आणि एसजीएसटी असा २२.५०-२२.५० दोन ओळीत दिसतो. दारूवर जीएसटी नाही, व्हॅट १० टक्के, म्हणजे १२० रुपये. एकूण २,२६५. मोठ्या तारांकित हॉटेलात जेवणावर १८ टक्केही लागू शकतात. दारूवर जीएसटी लावलेला दिसला तर ती चूक आहे, दुरुस्त करून घ्या. खाली सर्व्हिस चार्ज १० टक्के जोडला असेल तर तो सक्तीचा नाही, शांतपणे 'हा काढा' म्हणा. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. वेटरला टीप द्यायची तर रोख, थेट हातात.

परतीचं मात्र बसायच्या आधी ठरवा. शरीर तासाला साधारण एक छोटा पेग पचवतं, स्ट्राँग बाटलीला चार तास धरा. लिंबूपाणी, कॉफी, उलटी यांनी हा वेळ कमी होत नाही. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिने कैद, किंवा दोन्ही. शहराबाहेरच्या रस्त्यावर तर रोही, म्हणजे नीलगाय, मध्येच उडी घेते, आणि मागे लाल दिवा नसलेला कापसाचा ट्रॅक्टर अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. शेवटची एसटी चुकणार असेल तर लॉजची खोली दुपारीच घ्या, रात्री डुलत आलेल्या गिऱ्हाइकाला बरेच लॉजवाले खोली नाहीच म्हणतात. दुचाकी राहू द्यायची तर पार्किंगवाल्याला सांगून पावती खिशात ठेवा.

उरलेलं जेवण बांधून मिळतं, ग्लासातली दारू नाही. वर्धा आणि गडचिरोलीला जाणाऱ्यांनी वाइन शॉपमधून एखादी बाटली सोबत न्यायचा मोहही धरू नये. दोन्ही जिल्ह्यांत दारूबंदी आहे आणि हद्दीवर गाड्या तपासतात. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली, पण बस वर्ध्यावरून जाणार असेल तर बाटली वर्धा जिल्ह्यातूनच जाते.