बारकोडच्या कृत्रिम प्रतिमांवर पेटंट मागताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीसाठी चार मुलांनी प्रोजेक्ट केला होता. कास्टिंगवर ठिपके ठोकून उमटवलेला डेटा मॅट्रिक्स कोड (चौकोनी, ठिपक्यांचा बारकोड) ग्राइंडिंगनंतर कॅमेऱ्याला वाचता येत नव्हता. खरे फोटो हाताशी मोजकेच. म्हणून पोरांनी तसे कोड संगणकावरच तयार केले, त्यांच्यावर तेल, धूळ आणि धातूची चकाकी चढवली आणि त्या चित्रांवर मॉडेल शिकवलं. काम झकास झालं. पेटंटचा अर्जही स्वतःच भरला. मग एके दिवशी मला फोन, "सर, ऑब्जेक्शन आलंय की हो. पाच पानं आहेत. उत्तरात नवीन माहिती घालून देऊ काय?"

घालता येत नाही. पेटंट कायद्याचं कलम ५९ त्या बाबतीत कडक आहे. पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, दाखल झाल्यावर दुरुस्ती करता येते, खुलासा करता येतो, क्लेम (नेमका कशावर हक्क मागताय ते सांगणारं कलम) आकसता येतो. पण मूळ कागदात जे नव्हतंच, ते मागाहून आत शिरकवता येत नाही. या विषयातले बहुतेक अर्ज तपासणीत अडकतात तेव्हा मला एकच गोष्ट दिसते : शोध पोरांच्या डोक्यात होता आणि कोडमध्ये होता, कागदावर मात्र नव्हता.

प्रतिमा म्हणजे शोध नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. क्लेम असा लिहिलेला असतो : "संगणकाने बारकोडच्या कृत्रिम प्रतिमा तयार करून मशीन लर्निंग मॉडेलला शिकवण्याची पद्धत." पेटंट कार्यालयातल्या एक्झामिनरला यात दिसतो तो अल्गोरिदम. कलम ३(के) गणिती पद्धत, व्यवसाय पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना शोध मानत नाही. आणि क्लेम थेट प्रतिमेवर किंवा डेटासेटवरच मागितला असेल, तर कलम ३(एन), म्हणजे माहितीची निव्वळ मांडणी, हेही मागे लागण्याची शक्यता असते.

यावर लोक उपाय काढतात तो असा, की क्लेममध्ये "प्रोसेसर" आणि "मेमरी" हे शब्द पेरायचे. त्याने काही होत नाही. पेटंट कार्यालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत हार्डवेअर नवं असावं अशी अपेक्षा होती, २०१७ मध्ये ती अट काढली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात सांगितलं की प्रोग्राम असला म्हणून अर्ज आपोआप बाद होत नाही, त्यातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक भर निघते का ते बघावं लागतं. तेव्हा प्रोसेसर कुठला हा प्रश्न गौण. तुमच्या पद्धतीने स्कॅनरचं, कॅमेऱ्याचं किंवा संगणकाचं काम प्रत्यक्षात कसं सुधारलं, हे दाखवायचं असतं.

तोच क्लेम वेगळ्या तऱ्हेने लिहून बघा. थर्मल प्रिंटरच्या हेडमधला एखादा बारीक हीटर जळाला की लेबलवर कागद सरकतो त्या दिशेने एक पांढरी रेघ येत राहते. कोड त्या दिशेला आडवा छापलेला असेल तर ती रेघ एखाद्या काळ्या पट्टीवर बसून ती अख्खी पुसू शकते. आता पद्धत अशी : चालू प्रिंटरच्या लेबलांवरून अशा रेघांची रुंदी आणि जागा मोजायची, त्या मापाने स्वच्छ कोडवर रेघ उमटवायची, मग बाटलीच्या गोलाईनुसार प्रतिमा वाकवायची, त्याच गणिताने कोडच्या चार कोपऱ्यांचे निर्देशांकही सरकवायचे, अशा प्रतिमांवर मॉडेल शिकवायचं आणि शेवटी कन्व्हेयरवरच्या कॅमेऱ्यात ते वापरून बाद होणारी लेबलं कमी करायची. यात मोजमाप आहे, यंत्रातला दोष आहे, शेवटी कन्व्हेयरवर फरक दिसतो. मंजुरीची हमी कोणीच देऊ नये, मीही देत नाही. पण वाद घालायला हातात काहीतरी असतं.

"त्यात नवीन काय?" याचं उत्तर आधीच ठेवा

कृत्रिम प्रतिमांवर मॉडेल शिकवणं जुनं आहे. चित्रातला मजकूर ओळखायला कृत्रिम शब्दप्रतिमा २०१४ मध्येच वापरल्या गेल्या. पार्श्वभूमी, प्रकाश, रंग मुद्दाम वाटेल तसे बदलत राहायचे आणि मॉडेलला खऱ्या जगासाठी तयार करायचं, ही डोमेन रँडमायझेशनची कल्पना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. बारकोड काढणारी मोफत लायब्ररी तर कुणीही उतरवून घेतो. एक्झामिनर हे दोन-तीन कागद शेजारी ठेवतो आणि म्हणतो, धूसरपणा माहीत, चकाकी माहीत, बारकोड माहीत. तिघांना एकत्र आणणं या क्षेत्रातल्या कुणालाही सुचेल. म्हणजे कलम २(१)(जेए) ची इन्व्हेंटिव्ह स्टेप, न सुचण्याजोगी भर, यात नाही.

इथे "आम्ही दहा प्रकारचे दोष घातले" हे उत्तर पुरत नाही. दोषांचा क्रम का महत्त्वाचा आहे ते सांगता आलं तर बघा. खऱ्या जगात शाई आधी पसरते, मग लेबल वाकतं, मग भिंगाने चित्र धूसर होतं आणि सेन्सरचा नॉइज त्यानंतर येतो. तुम्ही नॉइज आधी घालून मग चित्र धूसर केलं, तर नॉइजचे कण गुळगुळीत होतात आणि कुठल्याच कॅमेऱ्यात न दिसणारा पोत तयार होतो. मॉडेल तो पोत शिकतं आणि खऱ्या फोटोवर आपटतं. क्रम बदलल्याने निकाल बदलतो हे तुम्ही मोजलं असेल तर लिहा. क्रम नुसता असणं पुरेसं नाही, तो इतरांना का सुचला नसता हेही मांडावं लागतं.

प्रतिमा चुकीच्या, मग आकडेही चुकीचे

हा भाग वकिलीचा नाही, वर्कशॉपचा आहे. पण तपासणीत तांत्रिक परिणाम सिद्ध करायची वेळ आली की सगळा डोलारा यावरच उभा असतो, म्हणून जरा रेंगाळतो.

पहिलं, चेक डिजिट. ईएएन-१३ मध्ये, म्हणजे दुकानातल्या मालावरच्या तेरा अंकी बारकोडमध्ये, तेरावा अंक आधीच्या बारा अंकांवरून निघतो : विषम जागांच्या अंकांची बेरीज, सम जागांच्या बेरजेची तिप्पट, दोन्ही मिळवून पुढच्या दशकाला किती कमी पडतात ते. काही मुलं तेराही अंक रँडम टाकतात. मग दहातले सुमारे नऊ कोड मुळातच अवैध, आणि डिकोडर (कोड वाचणारा प्रोग्राम) ते नाकारतो तेव्हा दोष मॉडेलला जातो. (८९०१२३४५६७८९० हा ओळीने लिहिलेला आकडा मात्र योगायोगाने बरोबर बसतो. करून बघा.) उलट टोकाची चूक म्हणजे सगळे कोड ८९० नेच सुरू करणं. हा बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेचा उपसर्ग, आपल्या दुकानात सगळीकडे दिसतो. पण मॉडेल फक्त तेवढंच बघत बसलं तर बाहेरून आलेल्या मालावर अडखळू शकतं.

दुसरं, मोकळी कड. ईएएन-१३ ला डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ मॉड्यूल (एक मॉड्यूल म्हणजे सगळ्यात बारीक पट्टीची रुंदी) इतकी कोरी जागा लागते. पार्श्वभूमीवर कोड चिकटवताना ती कापली जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरं, आणि हे सगळ्यात फसवं. अख्खा ईएएन-१३ म्हणजे ९५ मॉड्यूल. चित्र लहान करताना एक मॉड्यूल एका पिक्सेलपेक्षा बारीक झालं की शेजारच्या पट्ट्या एकमेकींत मिसळतात. आपल्या प्रोग्रामने मात्र त्या प्रतिमेला लेबल, म्हणजे मॉडेलला शिकवायचं उत्तर, आधीच लावून ठेवलेलं असतं : "वाचता येण्याजोगा". म्हणजे मॉडेलला आपण खोटं शिकवतोय. तयार झालेली प्रत्येक प्रतिमा साध्या डिकोडरमधून एकदा काढा आणि न वाचली जाणारी वेगळी ठेवा. ती टाकूनच द्यायची असंही नाही, पण तिच्यावरचं लेबल खरं हवं.

आणि चाचणी? ज्या प्रोग्रामने प्रतिमा तयार करून शिकवलं त्याच्याच प्रतिमांवर चाचणी घेऊन "अचूकता ९९ टक्के" लिहिणं म्हणजे स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासणं. तुलना खऱ्या फोटोंवर द्या, आणि दोन रकाने ठेवा : नेहमीच्या कृत्रिम प्रतिमांवर शिकलेलं मॉडेल आणि तुमच्या पद्धतीवर शिकलेलं. खडेबाजारातल्या दुकानांतून दोनशे पाकिटांचे फोटो काढून आणायला एक दिवस लागतो. कुंद्याच्या डब्याचं तुपकट लेबल तर फारच उपयोगी.

किती उघड करायचं?

"सगळं लिहिलं तर कोणीपण कॉपी करंल की," असं एका कारखानदार मामांनी मला ऐकवलं होतं. भीती खरी, पण पेटंट हा सौदाच तसा आहे. कलम १० प्रमाणे शोध, तो करण्याची पद्धत आणि तुम्हाला ठाऊक असलेली उत्तम पद्धत पूर्ण सांगावी लागते. युरोपात २०२० मध्ये टी ०१६१/१८ या निर्णयात एक न्यूरल नेटवर्कचा अर्ज अडला, कारण शिकवायला कुठला डेटा योग्य हे कागदात पुरेसं सांगितलंच नव्हतं. तो निर्णय आपल्याकडे बंधनकारक नाही, धडा मात्र घ्यावा. दोषांची मापं, त्यांच्या मर्यादा, क्रम, प्रतिमांची संख्या, मॉडेलचा प्रकार, निदान एक पूर्ण उदाहरण लिहा. जे गुपितच ठेवायचं आहे त्यावर पेटंट मागू नका.

नको ते मात्र भरपूर लिहिलं जातं. एका अर्जात बारकोडचा इतिहास तीन पानं होता : १९५२ चं वुडलंड आणि सिल्व्हर यांचं अमेरिकन पेटंट, १९७४ मध्ये ओहायोत च्युइंगमच्या पाकिटावर झालेलं पहिलं स्कॅन. गोष्ट रंजक आहे, तोवर त्या पेटंटची मुदतही संपून गेली होती. पण आपल्याकडे तीस पानांनंतर प्रत्येक पानाला आणि दहा क्लेमनंतर प्रत्येक क्लेमला जादा फी पडते.

आधी प्रदर्शन, मग अर्ज

कॉलेजच्या प्रदर्शनात पोस्टर लागलं, कोड गिटहबवर गेला, पेपर छापून आला, मग अर्ज. आधी उघड झालेल्या शोधावरही अर्ज करू देणारी कलम ३१ ची सवलत सांगून लोक स्वतःची समजूत घालतात. ती बारा महिन्यांची आहे आणि अरुंद आहे. प्रदर्शन सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं लागतं. आपला टेक-फेस्ट त्यात बसत नाही. घाई असेल तर आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका, पूर्ण स्पेसिफिकेशनला बारा महिने मिळतात. पण प्रोव्हिजनलमध्येही शोधाचा गाभा असू द्या. एक पान लिहून तारीख धरली म्हणून न लिहिलेल्या गोष्टीला ती तारीख मिळत नाही.

आपल्या भागातली खास भानगड

बेळगावचा अर्ज चेन्नई कार्यालयाच्या हद्दीत येतो. वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीला गेलात की चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा, म्हणजे मुंबई कार्यालय. घर टिळकवाडीत आणि कारखाना शिनोळीत अशी माणसं आपल्याकडे ढिगाने आहेत. हद्द अर्जदाराच्या निवासावरून ठरू शकते, व्यवसायाच्या जागेवरून किंवा शोध जिथे लागला त्या जागेवरूनही. त्यामुळे अशांना निवड असते, पण एकदा कार्यालय ठरलं की ते सहसा बदलत नाही. अर्ज ऑनलाइन होतो, मग फरक काय? अपिलात फरक पडतो. २०२१ मध्ये बौद्धिक संपदेचं अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून अपील उच्च न्यायालयात जातं : चेन्नईचा अर्ज मद्रासला, मुंबईचा अर्ज मुंबईला. वकील कुठे परवडेल याचा विचार अर्जाच्या दिवशीच करा.

भाषेचंही तसंच. कुठल्या कार्यालयात कुठली भाषा यावर आपल्याकडे पिढ्या भांडल्या. इथे मराठीही चालत नाही आणि कन्नडही. हिंदी किंवा इंग्रजी.

ऑब्जेक्शन आल्यावर

आधी एक गैरसमज : अर्ज केला म्हणजे तपासणी आपोआप होत नाही. फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी अग्रक्रमाच्या तारखेपासून (म्हणजे त्या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिने मिळतात. ते चुकलं की अर्ज मागे घेतला असं धरतात. ऑनलाइन फी व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्थांना ४,००० रुपये आहे.

पहिला तपासणी अहवाल आला की उत्तराला सहा महिने मिळतात. फॉर्म ४ भरून मुदत वाढवता येते, पण त्या भरवशावर बसू नका. उत्तरात नुसतं "आमचा शोध तांत्रिक आहे" असं लिहू नका. एक्झामिनरने जो कागद पुढे केलाय तो पूर्ण वाचा, त्यात तुमची कुठली पायरी नाही ते पान-परिच्छेदासह दाखवा आणि ती पायरी क्लेममध्ये आणा. ती स्पेसिफिकेशनमध्ये असेल तरच, हे वेगळं सांगायला नको. हिअरिंग व्हिडिओवर होतं. त्यानंतर लेखी म्हणणं पंधरा दिवसांत द्यायचं असतं.

कॉलेज अर्जदार आणि मुलं संशोधक असतील तर शोधाचा हक्क कॉलेजला दिल्याचं मुलांच्या सह्यांचं हक्कपत्र कॉलेज सुटण्याआधीच घ्या. नंतर एक पुण्यात असतो, एक बंगळुरात, एक जर्मनीला.

आणि अर्जावर ईमेल कुणाचा देताय ते बघा. सुरुवातीच्या त्या चौघांनी एकाचा कॉलेजचा ईमेल दिला होता. पदवी झाली, खातं बंद पडलं. अहवाल येऊन साडेचार महिने झाले होते, तो त्यांना पोर्टलवर सहज चाळताना दिसला. फोन आला तेव्हा आमच्या हातात सहा आठवडे उरले होते, आणि दोषांच्या मापांचा एक तक्ता, जो नशिबाने परिशिष्टात होता.