नव्या सभासदाला मंडळात रुळवायचे कसे?

वाचनगट असो, गिरिभ्रमण मंडळ असो की हौशी गायकांचा वृंद, नवा माणूस पहिल्या दिवशी येतो तो स्वतःच्या ओढीने. वेळ आणि जागा त्याला आदल्या दिवशी कळवावी, दारापाशी कोणीतरी थांबावे आणि त्याचे नाव नीट उच्चारावे; पहिल्या दिवसासाठी एवढे पुरे. सर्वांसमोर उभे करून स्वतःचा परिचय द्यायला मात्र त्याला कधीही लावू नये. ती प्रथा जुन्यांच्या सोयीची असते आणि बुजरा माणूस तिच्यामुळे अधिकच आक्रसतो.

खरी कसोटी दुसऱ्या ते पाचव्या बैठकीदरम्यान लागते. स्वागताचा उत्साह ओसरलेला असतो आणि ओळखी अजून झालेल्या नसतात. अनेक वर्षे मी सारा भर स्वागतावर देत होतो आणि माणसे का गळतात हे मला उमगत नव्हते. एकदा मध्यंतरात एक बाई खांद्यावरची पिशवी न उतरवता भिंतीवरचे वेळापत्रक वाचत उभ्या असलेल्या दिसल्या. त्यांची ती तिसरी बैठक होती, आणि आम्ही जुने सभासद चार पावलांवर घोळका करून मागच्या सहलीच्या आठवणी काढत होतो. त्या पुन्हा आल्या नाहीत. तेव्हापासून प्रत्येक मध्यंतरात कोणाची पिशवी अजून खांद्यावर आहे, हे मी आधी पाहतो.

कॅन्सास विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधील अभ्यासानुसार, नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो. आठवड्याला दोन तासांची बैठक धरली, तर हे जवळपास सहा महिने झाले. मैत्री आपोआप होईल म्हणून स्वस्थ बसणे त्यामुळे परवडत नाही. तोवर माणसाला धरून ठेवणारे दुसरे काहीतरी हवे, आणि ते म्हणजे काम.

काम छोटे पण खरे असावे आणि शक्यतो जोडीने करण्याजोगे असावे, कारण दाखवण्यापुरते दिलेले काम कोणालाही लगेच ओळखू येते. मी हजेरीची वही देतो, कारण तिच्यामुळे दोन बैठकांत सर्वांची नावे कळतात आणि प्रत्येकाशी बोलायला निमित्त मिळते. हिशेब किंवा चिटणीसपद मात्र इतक्यात गळ्यात घालू नये. उत्साही माणसे अशा ओझ्यानेच दुरावलेली मी पाहिली आहेत.

सोबत पहिल्या तीन महिन्यांसाठी एकच सोबती नेमावा. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ असे सांगितले की कोणीच लक्ष ठेवत नाही. अध्यक्ष किंवा सर्वांत बोलका सभासद या कामी निवडू नये. वर्षभरापूर्वी आलेला माणूस उत्तम, कारण स्वतःचे अवघडलेपण त्याला अजून आठवत असते. घोळक्यात जुना संदर्भ निघाला की तो दोन वाक्यांत समजावून सांगणे, हे त्याचे मुख्य काम.

बैठक चुकली, तर दोन दिवसांच्या आत सोबत्याने फोन करावा. ‘का आला नाहीत?’ असे विचारू नये. बैठकीत काय झाले ते सांगावे आणि हजेरीची वही पुढच्या वेळी त्यांच्याकडेच असेल, असे कळवावे. दुसऱ्या फोननंतरही प्रतिसाद नसेल, तर थांबावे.

वर्गणीचा विषय पाचव्या बैठकीनंतर काढावा. वर्ष पूर्ण झाले की पुढच्या नवागताचा सोबती म्हणून त्यालाच नेमावे.