मीटिंगला उठण्याआधी ‘झझझ’ टाका

अर्धवट अहवाल सोडून मीटिंगला गेलं की परतल्यावर ‘आपण नेमकं कुठे होतो?’ हे आठवण्यातच बराच वेळ जातो. वर-खाली स्क्रोल करत बसायचं, आणि तेवढ्यात पुन्हा फोन. यावर उपाय:

१. उठण्याआधी कर्सर आहे तिथेच ‘झझझ’ टाइप करा. हा अक्षरसमूह कुठल्याही शब्दात येत नाही, त्यामुळे शोधायला सोपा.

२. त्यापुढे पुढचं काम क्रियापदासकट लिहा: ‘झझझ मार्चची बेरीज बँकेच्या स्टेटमेंटशी जुळव, ४,२०० चा फरक प्रवासखर्चात बघ’. नुसतं ‘अहवाल पूर्ण करणे’ लिहिलंत तर न लिहिल्यासारखंच. डोक्यात एखादी शंका घोळत असेल तर तीही तिथेच टाका. ती सगळ्यात आधी विसरली जाते.

३. परत आल्यावर मेल उघडण्याआधी कंट्रोल-एफ दाबून ‘झझझ’ शोधा.

फाइल पाठवण्यापूर्वी मात्र पुन्हा शोधून सगळे ‘झझझ’ पुसा, नाहीतर क्लायंट वाचेल. एक्सेलचा शोध सहसा समोरच्या शीटपुरताच असतो. सगळ्या शीट शोधायला शोधाच्या चौकटीतल्या ऑप्शन्समध्ये ‘विदिन’पुढे ‘वर्कबुक’ निवडा.