उंच कुरणातल्या पक्ष्यांची हंगामी गणना कशी करावी

माझ्या पहिल्या हंगामाच्या नोंदवहीत मोजणीच्या एका थांब्यासमोरची जागा कोरी आहे. मी तिथे दहा मिनिटं उभी राहिले आणि एकही पक्षी दिसला नाही, की धुकं दाटलं म्हणून अलीकडूनच परतले? वर्षभराने वही उघडली तेव्हा मलाच सांगता येईना. पक्षी नव्हता, हीसुद्धा नोंद असते, आणि ती त्या कोऱ्या जागेत कायमची बुडाली. तेव्हापासून प्रत्येक पानाला एकच कसोटी लावते: मी हजर नसताना, फक्त या वहीवरून, एखाद्या अनोळखी माणसाला त्याच जागी हेच काम पुन्हा करता येईल का?

असं खरोखर घडतं. जोसेफ ग्रिनेल हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पृष्ठवंशी प्राणी संग्रहालयाचे १९०८ पासूनचे पहिले संचालक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या डोंगरांत फिरून पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या बारीक नोंदी केल्या. सुमारे शंभर वर्षांनी त्याच संग्रहालयातले लोक त्या वह्या घेऊन त्याच जागांवर गेले. त्याच डोंगरांतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तपासलेल्या लहान सस्तन प्राण्यांपैकी निम्म्या जातींची हद्द सरासरी ५०० मीटर वर सरकलेली निघाली. पक्ष्यांपैकी काही वर गेले होते, काही खाली उतरले होते. आधीच्या माणसांनी जागा, वेळ आणि पद्धत लिहून ठेवली होती, म्हणून ही तुलना करता आली.

आधी प्रश्न, मग पायपीट

‘इथे कोणते पक्षी आहेत’ हा एक प्रश्न आणि ‘किती आहेत, गेल्या वर्षीपेक्षा वाढले की घटले’ हा दुसरा. पहिल्यासाठी मनसोक्त भटकून यादी केली तरी चालते. दुसऱ्यासाठी ठरलेले थांबे, ठरलेली मिनिटं आणि मोजलेलं अंतर लागतं. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. परिसर संरक्षित असेल तर वनखात्याची किंवा तिथल्या प्रशासनाची लेखी परवानगी हंगामाच्या कितीतरी आधी मागा. हंगाम सहा-आठ आठवड्यांचा आणि परवानगीलाच दोन महिने, असं झालं तर वर्ष हातचं जातं.

तारीख बर्फाला विचारा

वृक्षरेषेच्या, म्हणजे जिथे झाडं संपतात त्या उंचीच्या, वर विणीचा काळ फार तोकडा असतो. बर्फ मागे हटू लागला की उघड्या पडलेल्या पहिल्या पट्ट्यांवर तीरचिमण्या (पिपिट) आणि चंडोल येतात, नर गाऊ लागतात. जोड्या जमल्या आणि अंडी घातली गेली की अनेक जातींमध्ये गाणं ओसरतं. मग कुरण पक्ष्यांनी भरलेलं असूनही रिकामं वाटतं. म्हणून एकाच फेरीवर विसंबू नका. निदान दोन, जमल्यास तीन फेऱ्या करा: पहिली गाण्याच्या भरात, दुसरी दोन-तीन आठवड्यांनी, तिसरी पिल्लांना भरवण्याच्या दिवसांत.

बर्फ कधी लवकर वितळतो, कधी उशिरा. दर वर्षी त्याच तारखेला गेलात तरी पक्ष्यांच्या दृष्टीने तो वेगळाच आठवडा असू शकतो. त्यामुळे प्रत्येक थांब्यावर आजूबाजूची किती टक्के जमीन अजून बर्फाखाली आहे, हे अंदाजाने का होईना पण लिहाच.

थांबे नकाशावर ठरवा

कुरणात पोचल्यावर थांबे ठरवायला गेलात तर पाय आपोआप ओढ्याकडे, झुडपांकडे, जिथे हालचाल दिसते तिकडे वळतात. मग गणना कुरणाची न होता तिथल्या चांगल्या जागांची होते. नकाशावर चौकटींची जाळी टाका, पहिला बिंदू चिठ्ठी काढून ठरवा आणि बाकीचे सारख्या अंतराने मांडा. साधारणपणे दोन थांब्यांत २५० मीटर ठेवतात. उघड्या कुरणात आवाज लांबून ऐकू येतो, तेव्हा जास्त ठेवलंत तर उत्तम, म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जात नाही. कडा किंवा निसरडा बर्फ असेल तो बिंदू सोडून द्या, पण ‘सोडला, कारण कडा’ असं लिहून.

प्रत्येक थांब्याला क्रमांक द्या आणि जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत टिपा. शिवाय दगडधोंड्यांच्या भाषेतही खूण लिहा: ‘दुभंगलेल्या काळ्या शिळेच्या पूर्वेला दहा पावलं’. यंत्राची बॅटरी थंडीत अचानक मान टाकते. शिळा तिथेच असते.

कान तयार करा

कुरणात निम्म्याहून जास्त पक्षी आधी ऐकू येतात, नंतर दिसतात. निघण्याआधी महिनाभर अपेक्षित जातींची गाणी आणि हाका रोज ऐका. नुसतं गाणं नको, धोक्याची हाक आणि उडतानाची हाकही. एकमेकांसारख्या वाटणाऱ्या जोड्या वेगळ्या काढून घोटवा. आवाज ओळखणारी ॲप सरावाला चांगली आहेत, पण वाऱ्यात आणि ओढ्याच्या खळखळाटात त्यांचीही गफलत होते, तेव्हा ॲपने सांगितलं एवढ्यावर नोंद करू नका. वयाबरोबर बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येणं कमी होतं. संघात वेगवेगळ्या वयाचे लोक असतील तर पहिले दोन दिवस सगळ्यांनी एकत्र उभं राहून मोजावं आणि याद्या ताडून पाहाव्यात. कोणी मोजलं याचं नाव प्रत्येक कागदावर हवंच.

सामान थोडं: ८×४२ दुर्बीण, अंतर मोजायचं लेझर यंत्र, पाण्याने न भिजणारे कागद, पेन्सिल. पेन नको. थंडीत शाई चालत नाही आणि पावसात ओघळते.

थांब्यावरची दहा मिनिटं

सूर्योदयानंतर अर्ध्या तासात पहिला थांबा सुरू करा आणि तीन-चार तासांत काम संपवा. पुढे पक्षी गप्प होतात आणि वारा उठतो. प्रत्येक फेरीत थांब्यांचा क्रम उलटा करा, नाहीतर शेवटचा थांबा दर वेळी उन्हं वर आल्यावरच मोजला जाईल आणि तिथे पक्षी कमी असल्याचा भास होईल.

वाऱ्यासाठी काठीला हलकी फीत बांधा. ती ताणून सतत फडफडू लागली की वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मोजणीत वारा ३ वर आला, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर. त्यापुढे गेला की मोजणी थांबवा. पाऊस आणि दाट धुकं यांतही थांबवा. अशा सकाळी जिद्दीने काढलेले आकडे नंतर कोणाच्याच कामाचे नसतात, हे मला उशिरा पटलं.

थांब्यावर पोचलात की दोन मिनिटं काहीही न लिहिता उभे राहा. तुमच्या चाहुलीने दबलेले पक्षी पुन्हा बोलू लागतात. मग घड्याळ लावा. दहा मिनिटांचे तीन तुकडे करा: पहिली तीन, पुढची दोन, शेवटची पाच. प्रत्येक पक्षी ज्या तुकड्यात प्रथम लक्षात आला त्या रकान्यात जातो. या तुकड्यांवरून, तिथे असूनही तुमच्या लक्षात न आलेल्या पक्ष्यांचा अंदाज नंतर बांधता येतो. प्रत्येक नोंदीत जात, संख्या, दिसला की ऐकला, अंतर आणि काय करत होता हे यायला हवं. वरून नुसते उडत गेलेले पक्षी वेगळ्या रकान्यात टाका, ते त्या कुरणाचे धरत नाहीत. आकाशात गात असलेला चंडोल मात्र त्याच जागेचा असतो. तो जिथून उठला किंवा ज्या जागेच्या वर गातोय, तिथपर्यंतचं जमिनीवरचं अंतर घ्या.

आणि एकही पक्षी आढळला नाही तर मोठं, ठसठशीत शून्य काढा. गेलाच नसाल तर आडवी रेघ आणि शेजारी कारण. कोरी जागा ठेवायची नाही, म्हणजे नाही.

अंतराचं गणित

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. माणसाचा अंदाज ५० आणि १०० या गोल आकड्यांकडे झुकतो, आणि उघड्या डोंगरात समोरचा उतार असतो त्याहून जवळ वाटतो. मोजणीआधीच थांब्याभोवतीच्या चार-पाच दगडांची अंतरं यंत्राने घेऊन मनात वर्तुळं आखा: २५, ५०, १०० मीटर. मग पक्षी ‘त्या पांढऱ्या दगडाच्या अलीकडे’ की पलीकडे एवढंच ठरवायचं उरतं.

उतारावर आणखी एक मेख असते. यंत्र देतं ते तिरकं अंतर, नकाशाला हवं असतं आडवं. ३० अंशांच्या उतारावर तिरके १०० मीटर म्हणजे आडवे ८७ मीटरच. काही यंत्रं हा हिशोब स्वतः करतात. तुमचं करत नसेल तर उताराचा कोन लिहून ठेवा. १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ३.१४ हेक्टर जमीन येते. त्रिज्येतली थोडीशी चूकसुद्धा हेक्टरी संख्येत बरीच मोठी होऊन बसते.

गवतात पाऊल टाकताना

इथले बहुतेक पक्षी जमिनीवर घरटी करतात. एकदा समोरच्या दगडावर तीरचिमणी येऊन बसली. चोचीत हिरवट अळ्यांचा झुबका, शेपटी खालीवर. चोच न उघडताच बारीक टिकटिकत होती, गिळत नव्हती, उडूनही जात नव्हती. मी खाली पाहिलं. बुटापासून हातभर अंतरावर, झुकलेल्या गवताच्या आडोशाला चार उघडी तोंडं होती, आवाज न करता. मी आले त्याच पावलांनी मागे सरकले आणि वीसेक पावलांवर उभी राहिले. अर्ध्या मिनिटात ती आत गेली.

चोचीत चारा घेऊन घुटमळणारा पक्षी म्हणजे वीण झाल्याचा पक्का पुरावा. तेवढं लिहून निघायचं. घरटं शोधायचं नाही, गवत बाजूला सारायचं नाही, फोटोसाठी पुन्हा जायचं नाही. घरट्यापाशी जाऊन संपणारी पायवाट भक्षकालाही दिसते. पक्षी जवळ यावा म्हणून त्याच्याच गाण्याची ध्वनिफीत वाजवणंही टाळा. थोडक्या दिवसांत तो नर पिल्लांच्या वाटचा वेळ एका खोट्या प्रतिस्पर्ध्यावर घालवतो, आणि तुमचे आकडेही बिघडतात.

कुरणात मेंढपाळ असतील तर आधी त्यांना भेटा. कळप कधी वर आला, कुठे बसतो, यंदा गवत कसं आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. चराईची नोंद प्रत्येक थांब्याच्या कागदावर यायला हवी. कुत्र्यांची ओळखही याच भेटीत करून घ्या.

जिवाला जपा

२५०० मीटरच्या वर उंचीचा त्रास कोणालाही होऊ शकतो, तरुणालाही आणि सरावलेल्यालाही. ३००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबा. डोकं दुखणं आणि मळमळ सुरू झाली तर आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो की दिवस, सोबत घेऊन खाली उतरायचं. बर्फाच्या पाण्याचे ओढे दुपारनंतर फुगतात. सकाळी घोटाभर असलेलं पाणी परतताना मांडीपर्यंत येतं, तेव्हा परतीची वाट त्या हिशोबाने आखा. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर उघड्या माथ्यावरून ताबडतोब उतरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वर जाऊ नका. एकट्याने जाऊ नका. दोघं असलात की एकाला नजर न हटवता पाहता येतं, दुसऱ्याला लिहिता येतं.

त्याच दिवशी संध्याकाळी

तंबूत परतल्यावर, कितीही दमला असलात तरी, दिवसाचे कागद वाचून काढा. खोडलेलं, अर्धवट राहिलेलं, स्वतःलाच न लागणारं अक्षर त्याच दिवशी दुरुस्त होतं, आठवड्याने नाही. आठवणीतून भर घातली असेल तर ती वेगळ्या खुणेने दाखवा. ओळख पक्की नसलेल्या पक्ष्यापुढे ‘तीरचिमणी, जात अनिश्चित’ असं लिहायला संकोच करू नका. अंदाजाने घातलेलं नाव पुढे खोडून काढणं फार अवघड जातं. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

खाली उतरल्यावर नोंदींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. यादी ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, चढवायची असेल तर प्रत्येक थांब्याची स्वतंत्र, किती मिनिटं उभे होतात त्यासकट द्या. पण अंतरांचे मूळ तक्ते जपा, ते त्या यादीत मावत नाहीत. शेवटच्या फेरीत प्रत्येक थांब्यावरून उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असे चार फोटो घ्या आणि दर वर्षी त्याच क्रमाने घ्या. झुडपं वर चढतायत का, ओढ्याने पात्र बदललंय का, हे त्यांतून दिसतं. काळ्या शिळेचाही एक फोटो त्यात असू द्या, थांब्याचा क्रमांक लिहिलेला कागद तिच्यासमोर धरून.