दम लागायच्या आधी बसा

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. २०२१ च्या लाटेत कोरोनानं फुप्फुसाला चांगलाच मार दिला. ताप गेला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण जिन्यावरची धाप आणि दुपारनंतर अंग गळून जाणं काही सुटेना. आता यार्डात कुणाचा भाऊ, कुणाची सून असल्या आजारातून उठली की मला विचारतात.

आधी ऑक्सिमीटर. आकडा नुसता बसून बघून उपयोग नाही. बसून ९५ च्या वर असेल तर घरातलं कुणी जवळ उभं करा, हात न टेकता खुर्चीवरून मिनिटभर उठबस करा आणि लगेच बघा. बोट गार नको, नेलपॉलिश नको. आकडा ३ नं किंवा जास्त उतरला तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा. बसल्या जागीच कमी असेल तर हा उद्योग घरी करायचाच नाही. ९२ च्या खाली गेला, छातीत दुखलं, ओठ निळे पडले किंवा एकच पाय सुजला, तर काढा उकळत बसू नका, गाडी काढा आणि थेट मिरजेचं मोठं हॉस्पिटल गाठा.

एक्स-रे साफ आला की घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. एक्स-रे, स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी) नॉर्मल असूनही फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन कमी जात असू शकतो. ते डीएलसीओ तपासणीत कळतं; डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखरही बघून घ्या. स्टिरॉइड घेतलं असेल तर साखर हमखास बघा.

सगळ्यात दमवते ती अंघोळ. स्टुलावर बसा, बादली पाटावर चढवा म्हणजे वाकावं लागत नाही. पाणी कढत नको, वाफेनं जीव घाबरा होतो. डोक्यावरून अंघोळ रोज नको. अंग खसाखसा पुसण्यापेक्षा मोठा टॉवेल गुंडाळून बसून राहा, आपोआप सुकतं. जिन्यावर नाकानं श्वास घ्या आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांतून सोडत दोन पायऱ्या चढा. थांबा. मग पुढच्या दोन.

खरी गोम दुसऱ्या दिवसाची. आज बरं वाटलं म्हणून माळा आवरला, की उद्या-परवा अंथरूण धरलंच. म्हणून वही घाला: डावीकडं काय केलं, उजवीकडं दुसऱ्या दिवशी कसं गेलं. उजवीकडं वाईट दिसलं की डावीकडचं काम निम्मं करायचं. ‘रोज थोडं जास्त चाला’ हा सल्ला अशा माणसाला मानवत नाही. ज्याला दुसऱ्या दिवशी त्रास होत नाही, त्यानं हळूहळू वाढवावं.

हळदीच्या खकाण्यात एन-९५ लावा, कापडी रुमालानं भागत नाही. ऊस तुटल्यावर पाचट पेटवलं की खिडक्या लावून घ्या. आणि मिश्री भाजायची असेल तर ज्यांना लागते त्यांनी ती दुसऱ्याच्या घरी भाजावी. आमच्याकडं यावरून महिनाभर अबोला होता, पण धूर बंद झाला.